हँडल ते सेल्फ : गारठलेल्या मोटारीचा इतिहास

आपल्याकडच्या गॅरेजांतून ‘सेल्फ’ हा शब्द इतका रुळला आहे की तो मूळचा अर्धाच शब्द आहे, याची कुणाला आठवणही राहिलेली नाही. ‘सेल्फ मार’, ‘सेल्फ उचलत नाही’, ‘सेल्फ जळला’ असे मिस्त्री बोलतात आणि ते आपल्याला नेमके समजते. पुरा शब्द ‘सेल्फ-स्टार्टर’, म्हणजे आपली आपण सुरू होणारी योजना. आता ज्या अर्थी गाडी आपली आपण सुरू होते ही गोष्ट नावातच सांगावी लागली, त्या अर्थी पूर्वी ती तशी सुरू होत नव्हती आणि दुसऱ्या कुणाला तरी ते काम करावे लागत होते, हे उघड आहे. तो दुसरा कोण, त्याला काय सोसावे लागे आणि विशेषतः कडाक्याच्या थंडीत हे काम किती जिवावरचे होते, याचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. राजेरजवाड्यांच्या आणि लढायांच्या इतिहासाला सरावलेल्या श्रोत्यांना विषय थोडा हलका वाटेल. पण त्यात लढाईही आहे, आणि ती बरीच मोठी आहे.

प्रथम इंजिनाची अडचण समजून घेऊ. वाफेच्या इंजिनात बॉयलरमधला दाब आधीच तयार असतो. झडप उघडली की दट्ट्या हलतो. पेट्रोलच्या इंजिनाचे तसे नाही. त्याने आधी हवा आणि पेट्रोल आत ओढायचे, मग ते दाबायचे, मग त्यावर ठिणगी पडायची आणि मग कोठे जोर निर्माण व्हायचा. म्हणजे स्वतःच्या बळावर फिरू लागण्यापूर्वीच त्याला कुणीतरी फिरवावे लागते. उन्हाळ्यात हे काम कसेबसे निभते. थंडीत मात्र सगळ्याच गोष्टी एकदम विरुद्ध जातात.

थंडीच्या दिवसांत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हा प्रत्येक घरातला अनुभव आहे. इंजिनातले तेल खोबरेलासारखे चटकन गोठत नाही, पण जाड होत जाते आणि ज्या भागांनी एकमेकांवरून सहज घसरायचे ते जणू काकवीत रुतून बसतात. दुसरी गोष्ट पेट्रोलची. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. थंडीत ओली धोतरे वाळत नाहीत त्याच कारणाने थंडीत पेट्रोलची वाफ होत नाही. ते थेंबाथेंबाने आत जाते, प्लग ओले करते आणि ठिणगीला दाद देत नाही. म्हणून चोक ओढायचा. हवा कमी आणि पेट्रोल जास्त आत सोडायचे, म्हणजे जास्त पेट्रोलातून निदान थोडीतरी वाफ निघेल. पण चोक अंमळ अधिक वेळ ओढलेला राहिला की प्लग पुन्हा ओले! तिसरी गोष्ट बॅटरीची. तिच्या आत जो विजेचा व्यवहार चालतो तो रासायनिक आहे आणि रसायने थंडीत मंदावतात. उणे १८ अंश सेल्सिअसला शिसे-आम्लाच्या बॅटरीचा जोर निम्म्याच्याही खाली येतो, आणि नेमके त्याच वेळी जाड तेलामुळे इंजिन फिरवायला दुप्पट किंवा त्याहून अधिक जोर लागतो.

परंतु बॅटरी ही नंतरची गोष्ट. आरंभीच्या पाव शतकात इंजिन फिरवण्याचे साधन म्हणजे माणसाचा हात. कार्ल बेंझची १८८६ सालची तीनचाकी गाडी सुरू करायची तर मागचे मोठे जडचाक हाताने फिरवावे लागे. पुढे इंजिन पुढच्या बाजूस आले आणि गाडीच्या नाकाखाली भोकात घालून फिरवायचे वाकडे लोखंडी हँडल आले. हँडल मारणे ही कला होती. ठिणगी केव्हा पडावी हे ठरवणारी एक दांडी सुकाणूच्या चाकाजवळ असे. ती मागे घ्यायला कुणी विसरला तर दट्ट्या वर पोचण्याआधीच स्फोट होई आणि इंजिन एकदम उलटे फिरे. हँडल हातात असलेल्या माणसाला तो तडाखा मनगटावर बसे. म्हणून जुने शोफर नवशिक्यांना बजावीत की अंगठा हँडलभोवती वळवू नको, तो चारही बोटांच्या बाजूलाच ठेव, आणि हँडल खाली दाबू नको, वर ओढ. हा उपदेश न पाळणाऱ्यांची मनगटाजवळची हाडे इतक्या वेळा मोडली की त्या विशिष्ट मोडीला वैद्यकशास्त्रात ‘शोफर्स फ्रॅक्चर’ असेच नाव पडले. अस्थितज्ज्ञांच्या ग्रंथांत ते आजही आहे; हँडल गेले, शोफर हा शब्दही मागे पडला, पण मोडलेले हाड मात्र त्यांच्या नावावर राहिले.

फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ मध्ये निघाली आणि १९२७ पर्यंत तिचे दीड कोट नग खपले. अमेरिकेच्या उत्तरेकडील शेतकऱ्यांनी ती घेतली, आणि तिकडचा हिवाळा म्हणजे महिनोन् महिने बर्फ. या गाडीच्या गिअरपेटीतल्या क्लचच्या चकत्या तेलातच बुडालेल्या असत. थंडीत ते तेल जाड झाले की चकत्या एकमेकींना चिकटत. गाडी मोकळी ठेवली आहे असे मालकाला वाटे, पण इंजिन सुरू होताच ती हळूहळू पुढे सरके, आणि पुढे तर हँडल मारणारा तो स्वतःच उभा! यावर लोकांनी तोडगा काढला. मागचे एक चाक जॅकवर उचलून धरायचे, म्हणजे ते मोकळे गरगरते आणि इंजिनालाही फिरायला हलके जाते. कुणी कार्बुरेटरवर आणि त्याच्या नळीवर किटलीतले उकळते पाणी ओती. कुणी रात्री इंजिनातले तेल काढून घरात शेगडीजवळ ठेवी आणि सकाळी गरम गरम परत ओती. उत्तरेकडच्या वैमानिकांनी हीच रीत पुढे विमानांना लावली. अलास्कात रात्री तेल काढून घेणे आणि सकाळी इंजिनावर ताडपत्री टाकून खाली शेगडी पेटवणे, हा वैमानिकाच्या नित्यकर्माचाच भाग होता.

याच काळात मोटार दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशातही जाऊन पोचली. शॅकल्टनने १९०७ ते १९०९ च्या आपल्या मोहिमेत स्कॉटलंडमध्ये बनलेली ॲरोल-जॉन्स्टन जातीची एक मोटार बरोबर नेली होती. पाणी गोठेल म्हणून तिचे इंजिन हवेने थंड होणारे निवडले होते, आणि बाहेर पडणाऱ्या धुराच्या उष्णतेवर कार्बुरेटर शेकावा अशी योजनाही केली होती. गाडी सुरू होई. अडे ती पुढे, मऊ बर्फात चाके जागच्या जागी फिरत. गोठलेल्या समुद्राच्या कठीण पृष्ठावर सामान ओढण्यापुरता तिचा उपयोग झाला. तिची देखभाल करणारा बर्नार्ड डे हाच पुढे कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेत गेला. स्कॉटने तीन मोटार-घसरगाड्या नेल्या होत्या. पैकी एक जानेवारी १९११ मध्ये जहाजावरून उतरवताना बर्फ फुटून समुद्रात गेली. उरलेल्या दोन २४ ऑक्टोबर १९११ रोजी दक्षिणेकडे निघाल्या. रोज सकाळी इंजिने आधी शेकायची, मग सुरू करायची; आणि एकदा सुरू झाली की सिलिंडर तापून लाल आणि कार्बुरेटर मात्र गारठलेला, असा एकाच यंत्रात उन्हाळा आणि हिवाळा. आठनऊ दिवसांत दोन्ही इंजिने मोडली. डे आणि त्याचे तीन सोबती यांनी ओझी स्वतःच्या खांद्याला जुंपली आणि ते पायी पुढे निघाले. स्कॉटच्या मरणाला मोटारी कारण झाल्या असे आम्हांला म्हणायचे नाही. त्याची कारणे पुष्कळ आणि गुंतागुंतीची आहेत. पण ज्या यंत्रांवर त्याने इतका पैसा आणि इतकी आशा लावली होती ती यंत्रे त्या थंडीसाठी अजून जन्मलीच नव्हती, एवढे खरे.

मौज अशी की त्याच १९११ साली, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, या दुखण्यावर औषध सापडले होते. तिकडे वळण्यापूर्वी एका प्रसिद्ध कथेचा समाचार घेतला पाहिजे. मोटारीच्या इतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात ती आढळते. डेट्रॉइटजवळच्या बेल आइल पुलावर हिवाळ्यात एका बाईंची कॅडिलॅक बंद पडली. बायरन कार्टर नावाचा मोटारींचा कारखानदार तेथून जात होता; तो मदतीला थांबला. बाईंनी ठिणगीची दांडी मागे घेतली नव्हती, हँडल उलटले, कार्टरचा जबडा फुटला आणि त्यातच पुढे त्याचा अंत झाला. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलंड हा त्याचा मित्र. त्याने शपथच घेतली की यापुढे माझ्या गाडीने कुणाचा जीव जाता कामा नये. कथा मोठी हृदयस्पर्शी आहे. पण हा प्रसंग बहुधा १९१० च्या हिवाळ्यातला म्हणून सांगतात, आणि कार्टर तर १९०८ च्या एप्रिलमध्येच न्यूमोनियाने वारलेला होता! म्हणजे निदान कथेचे साल तरी खोटे, आणि साल खोटे ठरले की बाकीच्या तपशिलावरही विश्वास डळमळतो. आपल्याकडच्या बखरींतही असेच होते. मोठ्या घटनेला एक मोठे कारण आणि एक ओळखीचा माणूस हवा असतो. वास्तविक या शोधाला कार्टरच्या मृत्यूची गरज नव्हती. हजारो अनामिक मनगटे मोडलेली होती, आणि जो कारखानदार हँडलाचा त्रास चुकवील त्याचा माल खपेल, हे लेलंडसारख्या व्यवहारी माणसाला शपथेवाचूनही कळत होते.

औषध शोधणाऱ्याचे नाव चार्ल्स केटरिंग. जन्म १८७६ चा, ओहायोतल्या एका शेतकरी कुटुंबातला. डेटन शहरात कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत तो नोकरीला होता आणि तेथे त्याने गल्ल्याचा खण विजेवर उघडणारी योजना केली होती. विजेची मोटर लावून इंजिन फिरवावे ही कल्पना काही नवी नव्हती. इंग्लंडमध्ये १८९६ सालीच डाउसिंग नावाच्या इंजिनिअराने तसा एक प्रयोग एका गाडीवर केला होता. दाबलेली हवा, स्प्रिंग, ॲसिटिलीन वायू असे इतरही उपाय लोक करून पाहत होते. विजेविरुद्धचा आक्षेप असा की इंजिन फिरवण्याइतकी दणकट मोटर इतकी जड होईल की ती वाहून न्यायला आणखी एक गाडी लागेल.

केटरिंगने येथे गल्ल्याचा अनुभव वापरला. गल्ल्याची मोटर दिवसभर फिरत नाही. क्षणभर जोर लावते आणि थांबते. क्षणभरच फिरायचे असेल तर छोट्याशा मोटरमधून तिच्या कुवतीच्या कितीतरी पट वीज सोडली तरी ती जळायच्या आत काम होऊन जाते. आपल्या मार्केट यार्डातला हमाल शंभर किलोंचे पोते पाठीवर घेतो ते ट्रकपासून गाळ्यापर्यंत. तेच पोते घेऊन त्याने पंढरपूरला चालत जावे असे कुणी म्हणत नाही. केटरिंगच्या आक्षेपकांनी हमालाला पंढरपूरच्या हिशेबाने मोजले होते. हे काम त्याने व त्याच्या सोबत्यांनी एडवर्ड डीड्स या मित्राच्या घरामागच्या कोठारात केले. फेब्रुवारी १९११ मध्ये योजना कॅडिलॅकला दाखवली आणि १९१२ च्या नमुन्याच्या गाड्या ती घेऊनच बाहेर पडल्या. सुरू करताना २४ व्होल्ट, आणि इंजिन चालू झाल्यावर तेच यंत्र उलट वीज निर्माण करून ६ व्होल्टांवर बॅटरी भरणार; त्याच विजेवर दिवे आणि ठिणगीही. या कामाबद्दल कॅडिलॅकला इंग्लंडमधल्या रॉयल ऑटोमोबाईल क्लबची मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. केटरिंगला पेटंट १९१५ साली मिळाले. फोर्डने मात्र आपल्या स्वस्त गाडीला हे साधन द्यायला १९१९ साल उजाडू दिले. श्रीमंतांची मनगटे सात वर्षे आधी वाचली, असे म्हटले तर ते कडवट वाटेल, पण हिशेब तोच आहे.

या शोधाचा एक परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. त्या काळी शहरांतून बॅटरीवर चालणाऱ्या मोटारी पुष्कळ होत्या आणि हँडल नको म्हणून बायका त्या पसंत करीत. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा हिच्याकडे विजेवरची डेट्रॉइट इलेक्ट्रिक होती! पेट्रोलच्या गाडीला सेल्फ मिळाला आणि विजेच्या गाडीचे मोठेच आकर्षण नाहीसे झाले. विजेच्या मोटरनेच विजेची मोटार संपवली. ती पुन्हा रस्त्यावर दिसू लागायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

सेल्फ आला म्हणून थंडी हटली, असे मात्र झाले नाही. आता हाताऐवजी बॅटरी गारठू लागली. याची सर्वांत मोठी परीक्षा १९४१ च्या डिसेंबरात मॉस्कोच्या वेशीवर झाली. हिटलरचे सैन्य हिवाळ्यापूर्वी युद्ध आटोपेल या हिशेबाने निघाले होते. डिसेंबरच्या आरंभी पारा शून्याखाली २५ ते ३० अंशांवर, काही ठिकाणी त्याहूनही खाली गेला. रणगाडे आणि ट्रक यांचे तेल घट्ट झाले, बॅटऱ्यांनी मान टाकली. सैनिक रणगाड्यांखाली जाळ करीत, किंवा दर काही तासांनी इंजिने उगाचच चालवून गरम ठेवीत. आणि जे पेट्रोल आघाडीवर आधीच अपुरे होते ते जागच्या जागी जळे. डिसेंबरच्या ५ आणि ६ तारखांना झुकॉव्हच्या फौजांनी प्रतिहल्ला चढवला, तेव्हा सुरूच न झालेली कितीतरी वाहने जर्मनांना तेथेच टाकून मागे सरावे लागले.

युद्धानंतर जर्मन सेनापतींनी आठवणी लिहिल्या आणि पराभवाचे माप मुख्यतः हिवाळ्याच्या पदरात घातले. हे आम्हांला मान्य नाही. रशियनांवरही तीच थंडी पडत होती. पण त्यांच्या टी-३४ रणगाड्यात चालकाच्या पायाशी दाबलेल्या हवेच्या बाटल्या होत्या. बॅटरी गेली तर त्या हवेने इंजिन फिरवता येई. तेलात थोडे पेट्रोल मिसळून ते पातळ ठेवायचे, सकाळी ते आपोआप उडून जाते, या युक्त्या त्यांच्या अंगवळणी होत्या. जर्मनांनीही पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्या शिकून घेतल्या. एका तापलेल्या रणगाड्यातले गरम पाणी नळीने दुसऱ्या गारठलेल्या रणगाड्यात सोडण्याची सोयसुद्धा केली. तेव्हा दोष थंडीचा नव्हे. थंडी येणार हे ठाऊक असून तिची तजवीज न करणाऱ्यांचा आहे. शिवाय ताज्या दमाच्या राखीव फौजा आणि लांबलेली पुरवठ्याची वाट ही कारणे वेगळीच.

शांततेच्या काळात या प्रश्नाचे उत्तर फार साधे निघाले. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स येथे अँड्र्यू फ्रीमन याने इंजिनाच्या डोक्यावरच्या एका बोल्टच्या जागी विजेची तापती कांडी बसवली. रात्री गाडी घरातल्या विजेला जोडून ठेवायची, सकाळी इंजिन कोमट. १९४९ साली त्याला पेटंट मिळाले. उत्तर अमेरिकेच्या त्या पट्ट्यात आजही वाहनतळांवर विजेच्या जोडण्यांचे खांब असतात आणि गाड्यांच्या नाकातून वायरीचे शेपूट लोंबत असते. आपल्याकडे पूर्वी टांग्याच्या घोड्यांना बांधायचे खुंट असत, तसेच ते दिसते. त्याच सुमारास थंडीतही फार जाड न होणारी आणि उष्णतेत फार पातळ न होणारी तेले निघाली. तेलाच्या डब्यावर आकड्यापुढे जे डब्ल्यू हे अक्षर छापतात ते ‘विंटर’चे, म्हणजे हिवाळ्याचे.

आता थोडे आपल्याकडचे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली, तेव्हा सेल्फ सर्वत्र आलेला होता. तरी हँडल गाडीतून गेलेले नव्हते. ॲम्बॅसिडरच्या सामानातही ते पुष्कळ वर्षे असे. पहाटे सेल्फ उचलला नाही तर हँडल, तेही नाही तर धक्का, आणि मालक धोरणी असेल तर रात्रीच गाडी उतारावर लावलेली. निफाडला पारा चारपाच अंशांवर आला की आपल्या वर्तमानपत्रांत बातमी येते. इंजिनाच्या दृष्टीने ती काही थंडी नव्हे. आपल्याकडे थंडीच्या सकाळी गाडी रुसते तेव्हा थंडी फक्त दुखणे उघडे पाडते, दुखणे आधीचेच असते. जाणता मिस्त्री बॉनेट उघडण्यापूर्वी आवाज ऐकतो. सेल्फ नुसता टकटक करतो, तर बॅटरी उतरलेली किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी जमलेली. गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट आवळली की निम्म्या गाड्या तेथेच बऱ्या होतात. इंजिन जोमाने फिरते पण धरत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये. प्लग आणि पेट्रोल पाहावे. आणि सेल्फ सलग पाच-दहा सेकंदांहून अधिक मारू नये. केटरिंगची मोटर क्षणभरासाठी आहे, हे येथे आठवावे.

डिझेलची गाडी या सर्वांहून हट्टी. तिच्यात ठिणगीच नसते. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटावे. सिलिंडरच गारठलेला असेल तर दाबलेली हवा पुरेशी तापत नाही. म्हणून आत एक तापती कांडी बसवतात. पूर्वीच्या जर्मन गाड्यांत ती तापेपर्यंत बराच वेळ थांबावे लागे, आणि तिकडचे लोक थट्टेने त्याला रुडॉल्फ डिझेलच्या स्मरणार्थ पाळलेले मौन म्हणत. याखेरीज डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. कडक थंडीत तो साकळतो आणि टाकीपासून इंजिनापर्यंतची वाट बंद करतो. मग कांडी काय करणार आणि सेल्फ काय करणार?

लडाखमध्ये ही गोष्ट नित्याची होती. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली २५-३० अंशांपर्यंत जातो, आणि आपल्या गावोगावचे कितीतरी जवान त्या थंडीत वाहने हाकतात. टाकीखाली जाळ करून डिझेल पातळ करणे हा मॉस्कोच्या वेशीवरचाच उपाय तेथेही चाले, आणि इंधनाच्या टाकीखाली आग पेटवणे म्हणजे काय ते सांगायला नको. उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथल्या पंपांवर आणले. ते तयार झाले पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात. १७६१ च्या जानेवारीत त्याच पानिपताच्या थंडीत आपली माणसे पुरेशा उबदार कपड्यांवाचून कुडकुडत उभी होती. तेथून आता दर हिवाळ्यापूर्वी टँकर भरून लेह-कारगिलकडे जातात.